कोळ्याला जेवण, सुकुमारला उपास

फोन बसाप्पाचा होता. बसाप्पा म्हणजे सुकुमारच्या लाकडाच्या वखारीत तीस वर्षं करवतीवर काम केलेला म्हातारा. तो कधी आपणहून फोन करत नाही. त्यामुळे दुपारी दीडच्या सुमारास, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, त्याचं नाव दिसलं तेव्हाच मला धस्स झालं. "शिवाण्णा, मालक टेबलावर डोकं टाकून पडल्यात. घाम लई आलाय. हाक मारली तर वो देईनात," एवढं तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "सकाळपासनं काय खाल्लंय का त्यानं?" पलीकडून उत्तर आलं नाही... छातीत दुखतंय का, पडला का, काही लागलं का, यातलं मी काहीच विचारलं नाही. खाल्लंय का, एवढंच विचारलं. म्हणजे मला माहीत होतं. हे माहीत असणं सांगण्यासाठीच मी हा लेख लिहितोय. सुकुमारच्या बाकीच्या आठवणी सांगायला माणसं पुष्कळ आहेत.

निपाणीत माझं औषधाचं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. फळीवरचा ग्लुकोजचा पुडा उचलला, शटरसुद्धा न ओढता मोटरसायकल काढली आणि चिकोडी रस्त्यावरची वखार गाठली. तोवर लोकांनी त्याला टेंपोत घातलं होतं. दवाखान्यात मी आधी धावत शिरलो आणि ओरडलो, "शुगर बघा, आधी शुगर बघा." बोटाला सुई टोचली तर मशीनवर आकडाच आला नाही, इतकी साखर खाली गेली होती. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं, त्यातून ग्लुकोज दिलं, तासाभरात साखर जागेवर आली. सुकुमार मात्र शुद्धीवर आला नाही. चार दिवस तसाच पडून होता आणि पाचव्या दिवशी सकाळी गेला. सत्तावन्न वर्षांचा होता. आता त्याला सात आठवडे होतील. भेटायला येणारे म्हणत होते, शुगरच होती म्हटल्यावर काय करणार, कामाच्या खुर्चीतच कोसळला, हाल झाले नाहीत, भाग्याचा. मी मान डोलावत होतो.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत सुकुमारवर लिहा म्हणून मला निरोप आला तो वेगळ्याच कारणानं. आमच्या कडोलीच्या साहित्य संमेलनाला मंडपाचे वासे आणि फळ्या वर्षानुवर्षं सुकुमारच्या वखारीतून जात. तो स्वतः शेवटच्या रांगेत बसायचा, कवितेला टाळ्या वाजवायचा आणि स्वागताच्या यादीत नाव घातलं की रुसायचा. हे सगळं खरं आहे. पण मी ते लिहीत बसलो तर पुन्हा मान डोलावल्यासारखंच होईल.

आमची ओळख बेळगावच्या कॉलेजातली. होस्टेलच्या एका खोलीत आम्ही दोघं. मी कडोलीचा, शेतकऱ्याच्या घरचा, मटणाच्या रश्श्यावर वाढलेला. तो निपाणीकडचा जैन, घरचा लाकडाचा धंदा. त्याला देवळाची फार ओढ होती असं नाही, पण दिवस मावळला की तोंड बंद. मेसचं जेवण तयार व्हायचं आठ वाजता. हा पाच वाजताच तिथं जाऊन आचाऱ्याच्या मागं लागायचा, स्वतः पीठ मळायचा, स्वतः चपात्या लाटायचा आणि उन्हं असेपर्यंत सहा-सात तरी हाणायचा. मग मी नऊला जेवून आलो की अंथरुणात पडल्या पडल्या विचारायचा, "भाजी कसली होती रं? आणि आमटीला फोडणी?" मी मुद्दाम रंगवून सांगायचो. खाण्यावर इतका जीव असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा खोलीत घोण निघाली. मी चप्पल उचलली, तोवर ह्यानं तिला वर्तमानपत्रावर घेऊन बाहेरच्या लिंबाच्या बुंध्याशी सोडून दिलं आणि माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून बोलला.

बाई आमच्या आयुष्यात आली त्याला साडेचार वर्षं झाली. खानापूरकडं रस्ता रुंद करताना पाडलेल्या झाडांचे ओंडके वखारीत आले होते. त्यात एक जुना आंबा होता, आतून पोकळ. बसाप्पानं तो करवतीवर चढवला, दोन फूट कापून झाला असेल, आणि ढोलीतून तळहाताएवढा कोळी बाहेर आला. बसाप्पा "जेडा, जेडा" असं कन्नडात ओरडत बाजूला पळाला. राखाडी अंग, त्यावर काळी-पांढरी नक्षी, आणि पुढचे पाय उचलले की आतून हळदीसारखा पिवळा रंग. कुणीतरी फळी उचलली, पण सुकुमारनं करवत बंद केली आणि भुशाची पाटी त्याच्यावर पालथी घातली. मग मला फोन. "शिवा, कोळी चावल्यावर द्यायचं काय औषध हाय काय तुझ्याकडं?" मी म्हटलं, "चावला?" तर म्हणतो, "अजून न्हाई. पन इचारून ठेवल्यालं बरं."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला डब्यात घालून नंदगडच्या बाजूला सोडायला गेलो. रस्त्याकडेच्या प्रत्येक मोठ्या झाडावर लाल रंगात आकडा घातलेला होता. सुकुमारला ते आकडे वाचता येत, धंदाच तो. "हे बी जानार. त्ये पलीकडलं बी जानार," असं म्हणत तो गाडी हळूहळू चालवत होता. मी म्हटलं, रस्ता सोड, आत चल, आत जंगल आहे की. आत गेलो. एक छान जुनं झाड सापडलं, ढोलीसुद्धा होती. सुकुमारनं डबा ढोलीशी नेला, झाकण उघडलं आणि दहा मिनिटं तसाच उभा राहिला. मग झाकण लावलं. "काय झालं?" "पाऊस यील असं वाटतंय." आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. परत येताना म्हणाला, "त्याचं घर आमी कापलं मर्दा. आता कुठल्या तरी परक्या घरात ढकलून कसं यायचं?" त्याला तो सोडायचा नव्हता, एवढं साधं होतं ते. मी तसं म्हटल्यावर लाजल्यासारखा हसला.

त्यानं तिच्यासाठी सागवानाची उभी पेटी केली. पुढं काच, वर बारीक जाळी, आत त्याच आंब्याच्या सालीची नळी उभी करून ठेवलेली, कारण ही जात जमिनीत राहत नाही, झाडावर उंच राहते. हे सगळं त्यानं मोबाईलवर वाचून काढलं. नर लवकर मरतात, मादी दहा-बारा वर्षं जगते, हेही तिथंच वाचलं. पहिलं वर्ष सरलं तेव्हा त्यानं जाहीर केलं, "ही बाई हाय." तेव्हापासून ती बाई. वखारीच्या ऑफिसात त्याच्या टेबलाशेजारी पेटी असायची. लाकूड घ्यायला आलेले लोक खुर्ची मागं सरकवून बसत. हात तो कधी लावत नसे. ती चावली तर दिवसच्या दिवस पेटके येतात हे त्याला ठाऊक होतं. तिला नुसतं बघत बसायचा. संध्याकाळी ती नळीतून चार पाय बाहेर काढायची तेव्हा तो बोलता बोलता थांबायचा.

पण तिला घालायचं काय? इथं सगळी पंचाईत होती. ती जिवंत किडाच खाते. सुकुमारनं आधी काय काय केलं ते सांगितलं तर आजही कुणी हसेल. मोड आलेली मटकी दोऱ्याला बांधून तिच्यापुढं नाचवली. पनीरचा तुकडा हलवून बघितला. दुधात भिजवलेला कापूस ठेवला. मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, आमच्या सुकुमारनं कोळ्याला जैन करायला घेतलंय. महिना झाला, बाईचं पोट सुरकुतायला लागलं. एके दिवशी त्यानं ओंडक्याच्या सालीखालचा रातकिडा वाटीखाली धरला, पेटीत सोडला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी तिथंच होतो. क्षणभरात झालं. "खाल्लं काय?" त्यानं न वळता विचारलं. मी हो म्हटलं. तो बाहेर गेला आणि नळाखाली हात चोळचोळून धूत बसला.

दहा-बारा दिवसांतून एकदा तिला खायला लागायचं. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशी सुकुमार काहीच खात नाही. दुकानात आला होता, मी भडंग पुढं केलं. भडंगाला नाही म्हणणारा माणूस नव्हे तो. फार खोदल्यावर म्हणाला, "ती जेवत्या त्या दिवशी मी न्हाई जेवत. दुसऱ्याचा जीव मी घालतोय न्हवं. मग आपलं बी कायतरी जायाला पायजे." मी थट्टा केली. म्हटलं, असल्या हिशोबानं मला जन्मभर जेवायलाच नको. तो हसला, पण भडंगाला शिवला नाही. "पद्माला सांगू नगं हं," म्हणाला. पद्मा म्हणजे त्याची बायको, पद्मावती. मी त्यांना वहिनी म्हणतो. सांगू नको म्हणाला, मी सांगितलं नाही. मैत्रीत असंच असतं असं मला वाटलं.

पुढं त्याला साखरेचा आजार लागला. गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या. मागच्या वर्षी डॉक्टरांनी गोळी बदलली, जरा जोराची दिली. ती पट्टी त्याच्या हातात देताना मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "हे बघ, ज्या दिवशी उपास, त्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही. पोटात अन्न नसताना ही गोळी माणसाला मारते." 'मारते' हाच शब्द मी वापरला होता, मला पक्कं आठवतं. तो म्हणाला, "बरं." आणि मी त्या 'बरं'वर समाधान मानून पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलो. औषध विकणाऱ्या माणसानं एका 'बरं'वर विश्वास ठेवला.

त्याच सुमाराला त्यानं मला विचारलं होतं. हे सांगायला माझी जीभ रेटत नाही, पण सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. आम्ही वखारीत चहा घेत होतो. पेटीकडं बघत तो म्हणाला, "शिवा, तू घाल की रं तिला. धा दिवसांतनं एकदा यायचं. तुमच्यात चालतंय न्हवं." एकच गोष्ट त्यानं तीस-पस्तीस वर्षांत माझ्याकडं मागितली. मला त्या कोळ्याची भीती वाटायची, हे खरं कारण. पेटीचं झाकण उघडायचं या विचारानंच माझ्या अंगावर काटा यायचा. ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून मी चावटपणा केला. "वा रे वा, हौस तुझी आणि पाप माझं?" म्हटलं. तो मोठ्यानं हसला. "ते बी खरंच म्हना," म्हणाला, आणि पुन्हा कधी विचारलं नाही... मी हो म्हटलं असतं तर सुकुमार आज वखारीत बसलेला असता. हे वाक्य मी सात आठवडे वेगवेगळ्या तऱ्हेनं फिरवून बघितलं आहे. ते कुठूनही खोटं ठरत नाही.

शेवटच्या महिन्यात बाईनं खाणं सोडलं. किडा सोडावा, तिनं बघूसुद्धा नये. नळीचं तोंड तिनं जाळ्यानं विणून बंद करायला घेतलं. सुकुमारचा जीव कासावीस झाला. ती मरायला लागली असं त्यानं घेतलं. मग दहा दिवसांचे पाच दिवस झाले, पाचाचे दोन. सकाळी किडा धरायचा, पेटीत सोडायचा, संध्याकाळपर्यंत वाट बघायची आणि तो जिवंत किडा परत काढून ओंडक्यांत सोडायचा. मी म्हटलं, अरे, किडा मेला नाही तर उपास कसला? तर म्हणाला, "संकल्प केला की झाली हिंसा. मारायचं मनात आनलं, मग किडा वाचला काय न्हाई काय, ह्यात माझं काय भलेपन?" त्याचे डोळे आत गेले होते. मी चिडून म्हटलं, "गोळी बंद ठेवतोयस ना?" "व्हय रं बाबा," म्हणाला. ती आमची शेवटची भेट. दोन दिवसांनी बसाप्पाचा फोन आला.

तो गेल्यावर पाहुण्यांनी पेटी टाकून द्यायला सांगितलं. असलं घरात-दारात ठेवल्यानंच झालं, असंही कुणी म्हणालं. वहिनी कोपऱ्यात बसून होत्या. "असू द्या ती तिथं," एवढंच बोलल्या. मग मी रोज दुपारी दुकान बंद करून वखारीत जायला लागलो. पाण्याची वाटी भरायची, जाळीवरून थोडं पाणी शिंपडायचं आणि त्याच्या खुर्चीत बसून राहायचं. नळीचं तोंड बंदच. आत ती आहे की मेली, काही कळायला मार्ग नाही. मला तिचा राग येत होता. एकदा पेटी उचलून आवारात नेली, उन्हात ठेवली, मरू दे म्हटलं, आणि पाच मिनिटांत धावत जाऊन परत आत आणली. ती मेली तर सुकुमारनं कशासाठी जीव घालवला? आणि जगली तरी त्याचं काय, तो तर नाहीच. कुठूनही विचार केला तरी मीच सापडत होतो. जेवणाची वेळ तिथंच निघून जायची. घरी बायकोला सांगायचो, दुकानात खाल्लं.

आणि त्याहून मोठा प्रश्न होता तो वहिनींचा. त्यांना मी सांगायचं का? सुकुमार गोळी का घेत राहिला ते मला आता उमगलं होतं. रोज सकाळी वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या आणि गोळी त्याच्या तळहातावर ठेवायच्या. मी त्यांच्या घरी किती वेळा बघितलं होतं. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यानं कारण सांगण्याऐवजी गोळी गिळली. मी उपासाचं वहिनींना सांगितलं, तर त्यांना कळणार की उपाशी पोटी ती गोळी त्यांच्याच हातानं गेली. नाही सांगितलं, तर मी चोर. मी नाही सांगितलं. त्यांची दया येते म्हणून, असं स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे त्यांच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती.

दोन आठवड्यांपूर्वी मी गेलो तर पेटीच्या तळाशी बाई पडलेली दिसली. पाय आत आकसलेले, रंग उडालेला. मी खाली बसलो आणि रडलो. सुकुमार गेला तेव्हा मला रडू आलं नव्हतं, ते सगळं तिथं आलं, हुंदक्यांनी. बसाप्पानं करवत थांबवली, आत आला, काचेशी वाकून बघितलं आणि म्हणाला, "शिवाण्णा, ही मेली न्हाई. ही कात हाय. साप टाकतो न्हवं, तसली. ते बगा, नळीच्या तोंडाला." बघितलं. जाळं फाटलं होतं, आणि आत नवा, ताजा, पिवळाधमक पाय हलत होता. बाई मरायला टेकली नव्हती, कात टाकणार होती. त्या दिवसांत ती काही खात नाही, तिला काही लागतच नाही. मोबाईलवर मी नंतर शोधलं तेव्हा पहिल्याच पानावर ते लिहिलेलं होतं. कदाचित त्यानंही वाचलं असेल, पण घाबरलेल्या माणसाला आपल्या कामाचं वाक्य दिसत नाही. शेवटच्या महिन्यातला सुकुमारचा एकही उपास तिला नको होता... बसाप्पा जवळ उभा होता. मला जे कळलं होतं ते मी त्याला सांगितलं नाही.

कात टाकल्यावर आठ-दहा दिवस थांबून खायला घालायचं असतं. तो दिवस गेल्या मंगळवारी आला. बसाप्पानं सालीखालचा एक रातकिडा धरून औषधाच्या रिकाम्या डबीत मला दिला. मी ती डबी घेऊन पेटीपुढं बसलो होतो, झाकण काही उघडवत नव्हतं, तेवढ्यात दारात वहिनी आल्या. सुकुमार गेल्यापासून त्या वखारीत आल्या नव्हत्या. हातात तीन पुडांचा डबा. म्हणाल्या, "बसाप्पा म्हनला, शिवाण्णा रोज दुपारचं हितं बसत्यात, जेवत न्हाईत. तुमी बी धरला काय उपास, भाऊजी?"

'तुमी बी' म्हणाल्या त्या. त्या सुकुमारच्या खुर्चीत न बसता समोरच्या बाकावर बसल्या. "म्हाईत होतं मला," म्हणाल्या. "एरवी डबा खरकटा यायचा. धा दिवसांतनं एकदा धुऊन यायचा. ह्यांनी जन्मात कधी ताट धुतलं न्हाई, त्ये डबा धुत्यात व्हय? बसाप्पाला खायाला घालत हुते, आन् तो बिचारा धुऊन देत हुता. मी वळखलं, कायतरी व्रत धरलंय. कुनी व्रत धरलं तर आमच्यात इचारत न्हाईत. इचारून मोडायचं पाप नगं, म्हनून गप बसले. मला वाटलं, माझ्यासाठी धरलं आसंल. माझं पोटाचं आप्रेशन झालतं न्हवं त्या साली."

मग मी बोललो. काय क्रमानं बोललो ते आठवत नाही. बाई, किडा, उपास, मला माहीत होतं ते, त्यानं मला घाल म्हटलं ते, मी थट्टा केली ते, आणि शेवटी गोळी. "मी त्याला सांगितलं होतं वहिनी, उपासादिवशी गोळी घेऊ नको. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. त्याला सांगितलं, तुम्हाला नाही सांगितलं."

त्यांनी स्वतःचा उजवा तळहात उघडला आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. "डॉक्टर म्हनलेले, एक दिवस बी चुकवायची न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनून मी हातावर ठिवायची. गिळंस्तवर हलायची न्हाई तिथनं." बाहेर करवत चालू होती. त्या रडल्या नाहीत. माझ्यावर ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्याचा उपास त्यांना ठाऊक होता, गोळीचा धोका मला, डबा कोण खातो ते बसाप्पाला. तिघंही त्याच्यावर जीव टाकणारे, आणि तिघंही त्याचा मान राखून गप्प बसलेले. एकानं दुसऱ्याला एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं.

त्यांनी माझ्या हातातल्या डबीकडं बोट केलं. "त्यात हाय काय तिचं?" मी हो म्हटलं. "द्या हिकडं." मी म्हटलं, वहिनी, नको, मी घालतो, मी घालायलाच आलोय. "दीड तास झाला तुमी आल्याला, बसाप्पा म्हनला," त्या म्हणाल्या आणि डबी माझ्या हातातून काढून घेतली. ज्या वहिनींनी पावसाळ्यात अंगणात पाय टाकताना मुंगी बघून टाकला, पाणी गाळल्याशिवाय कधी प्यायलं नाही, त्यांनी पेटीचं झाकण सरकवलं. डबी उपडी केली. रातकिडा आत पडला. सुकुमारसारखं तोंड फिरवलं नाही त्यांनी, उघड्या डोळ्यांनी बघत झाकण लावलं आणि बाहेर जाऊन हात धुऊन आल्या.

मग डबा उघडला. ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याची भाजी, वरणाची वाटी. एक भाकरी मोडून निम्मी माझ्यापुढं ठेवली, निम्मी स्वतः घेतली. मला वाटलं, माझ्यासाठीच आणलंय. "मी बी खानार," त्या म्हणाल्या. "आत्ताच एक जीव घातला मी, आन् लगेच खानार. पुन्यांदा हितं कुनी उपास धरायचा न्हाई. तुमी न्हाई, मी न्हाई." पहिला घास त्यांनी तोंडात घातला, पण तो खाली जाईना. चावत राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मग पाण्याच्या घोटाबरोबर तो ढकलला. दुसरा घेतला. "जेवा, भाऊजी," तोंडात घास असतानाच म्हणाल्या. मी वांग्याला हात घातला. पेटीत सालीवर काहीतरी झटकन खरखरलं आणि रातकिड्याचा आवाज बंद झाला. आम्ही दोघांनी मान वर केली नाही, खाली घालून जेवत राहिलो.